मुलींना विचारा

चोपडा,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्वा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, नागरिकत्वाचं तीन वर्षांचं गेलं, आता पाच." आणि लगेच आईला भरताच्या वांग्यांचा भाव विचारलास. मार्क कमी पडले की शाळेतही असाच विषय बदलायचीस. फोनवर मला काही सुचलं नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या जर्मनीचे चॅन्सेलर मर्झ गेल्या महिन्यात म्हणाले की, स्थलांतराचं बरंचसं मार्गी लावलं, पण शहरांच्या चित्रात अजून अडचण दिसते. म्हणजे काय, असं पत्रकाराने विचारल्यावर म्हणाले, तुम्हाला मुली असतील तर त्यांना विचारा. मला मुलगी आहे, आणि ती डॉर्टमुंडलाच राहते. तेव्हा विचारतो: संध्याकाळी स्टेशनावर उभी असतेस तेव्हा त्या चित्रात तू बघणारी असतेस, की दिसणारी? दोन दिवसांनी त्यांनी खुलासा केला, की ज्यांना कायम राहण्याचा हक्क नाही, जे काम करत नाहीत, नियम पाळत नाहीत, ते मला अभिप्रेत होते. असेलही. पण तुझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड पर्समध्ये असतं, कपाळावर नाही.

आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे खोड जात नाही. मर्झ यांचा पक्ष माजी चॅन्सेलर मर्केलबाईंचाच. ऑगस्ट २०१५ मध्ये बाई म्हणाल्या, "आपल्याला हे जमेल." त्या वर्षी जवळपास नऊ लाख निर्वासित आले. एएफडी हा आजचा कडवा स्थलांतरविरोधी पक्ष तेव्हा दोन वर्षांचा होता. तो निघाला होता युरो चलनाच्या विरोधात. २०१३ ला त्याला ४.७ टक्के मतं पडली, पाच टक्क्यांची अट असल्याने संसदेत पायही ठेवता आला नाही. यंदा फेब्रुवारीत २०.८. आणि मर्केलबाईंचा पक्ष बव्हेरिया प्रांतातल्या भगिनी पक्षासह ४१.५ वरून २८.५ वर. सगळं काही निर्वासितांमुळे झालं असं नाही, महागाई होती, युद्ध होतं. पण पक्षाने धडा मात्र एकच घेतला.

निवडणुकीच्या तोंडावर, जानेवारीत, मर्झ यांनी सीमा कडक करण्याचा ठराव एएफडीच्या मतांवर मंजूर करून घेतला. मर्केलबाईंनी जाहीरपणे चूक म्हटलं. दोन दिवसांनी याच विषयाचं विधेयक पडलं, कारण स्वतःच्याच गोटातले काही खासदार मतदानाला फिरकले नाहीत. एवढं करून एएफडीची मतं दुप्पट झाली ती झालीच.

आता तुझ्या तीन वर्षांकडे येतो. आश्रयाचा कायदा युरोपच्या करारांत अडकलेला, तो बदलायला वर्षं लागतात. पण चांगलं जर्मन शिकून, चांगलं काम करून तीन वर्षांत नागरिकत्व, ही सवलत घरचीच होती. जून २०२४ ला लागू झाली, यंदा ऑक्टोबरात काढून टाकली. काहीतरी केलं हे दाखवायचं होतं, आणि हाताशी तेवढंच होतं. जर्मनची वरच्या पातळीची सी-वन परीक्षा दोनदा देणारी पोरगी सापडली. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

तुझ्या जन्माच्या साली, २००० मध्ये, तुझ्याच प्रांतात याच पक्षाच्या र्‍युटगर्स यांनी संगणकासाठी भारतीय आणण्याविरुद्ध प्रचार केला होता. "भारतीयांऐवजी मुलं" अशी ती घोषणा गाजली. तेव्हा हरले, पाच वर्षांनी मुख्यमंत्री झाले. म्हणजे हे काल सुरू झालेलं नाही.

आपले नाना अमळनेरहून गाडीत बसून सुरतेला गेले ते मागावर काम करायला. आज उधना-लिंबायतला अहिराणी ऐकू येते, आणि परवापर्यंत पाच वर्षं गुजरात भाजपचे अध्यक्ष होते सी. आर. पाटील, आपल्या जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्मलेले. नाना काही फार शहाणे होते असं नाही. पण सुरतेत त्यांना पहिल्या निवडणुकीपासून मत होतं, म्हणून दारात सगळे यायचे. तुझ्या दारात अजून कोणाला यायचं कारण नाही. म्हणून म्हणतो, ही दोन वर्षं चिडून घालवू नकोस, कागद नीट ठेव.

खरं सांगायचं तर मलाही फार बोलायचा अधिकार नाही. केळी कापायला सातपुड्यातले पावरा-बारेला येतात, त्यांना ओट्यावर बसून "बाहेरचे लोक" मीही म्हटलंय. पाण्याची मोटार चोरीला गेली तेव्हा पहिला संशय कोणावर घेतला, हे तुझ्या आईला विचार.

मंगळवारी कापणी होती. घड डोक्यावरून उतरवून एक बारेला बाई पाणी प्यायला थांबली. मला म्हणाली, "ताई कथी?" म्हटलं, जर्मनीला, लांब आहे.

"मजुरीले गयी का?"

मी हो म्हटलं.

तुझे,
आप्पा