प्रवेशद्वाराजवळच्या देवदारांचे शेंडे उतरवू नयेत, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : देवदारांची प्रस्तावित छाटणी, बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक आणि नवीन रोपांची निवड

महोदय,
स. न. वि. वि.

झाडांच्या कामाची सूचना नोटीस बोर्डावर वाचली. प्रवेशद्वाराजवळच्या तिन्ही देवदारांचे शेंडे उतरवायचे, खालच्या फांद्या काढून खोड मोकळं करायचं आणि अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचे, अशी तीन कामं त्यात आहेत. यातलं पहिलं आणि तिसरं काम रद्द करावं आणि दुसरं गरजेपुरतंच करावं, अशी माझी विनंती आहे. सर्वसाधारण सभेत प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात हे सगळं मांडणं शक्य नाही, म्हणून पत्र लिहीत आहे.

आधी शेंड्याबद्दल लिहिते. बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. देवदार एकाच सरळ खोडाने वर जातो. टोकाचा कोंब खालच्या सगळ्या फांद्यांना आपल्या मर्यादेत ठेवतो आणि त्यामुळेच झाडाला तो निमुळता आकार येतो. शेंडा कापला की ही मर्यादा उरत नाही. कापाजवळच्या दोन-तीन फांद्या वर वळतात आणि प्रत्येक जण नवा शेंडा होऊ पाहतो. एकमेकींना खेटून वाढताना त्यांच्या बेचक्यात साल दबून राहते आणि लाकूड लाकडाशी नीट सांधलं जात नाही. पुढे झाड पुन्हा उंच झालं की जोराच्या वाऱ्यात हेच सांधे फाटतात. शिवाय एवढ्या जाड खोडावरचा सपाट काप झाडाला लवकर झाकता येत नाही, पाणी मुरतं आणि कूज वरून आत उतरते. वादळात झाड पडेल ही समितीची काळजी मी समजू शकते, खाली मुलं खेळतात. पण शेंडा उतरवल्याने धोका कमी होत नाही, तो काही वर्षं पुढे ढकलला जातो आणि वाढून परत येतो.

वड किंवा पिंपळ छाटला की जुन्या जाड लाकडातूनही पालवी फुटते. त्या अनुभवावरून सगळीच झाडं तशी फुटतील असं आपण धरून चालतो. देवदार हा सूचिपर्णी वृक्ष आहे. ज्या लाकडावर हिरव्या सुया उरलेल्या नाहीत, तिथून त्याला सहसा नवीन फूट येत नाही. म्हणजे तिथे उरतो तो कायमचा खुंट.

सूचनेत ‘शेंडे वाकले आहेत, झाडं कमजोर झाली आहेत’ असंही एक वाक्य आहे. ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण तो वाकलेला शेंडाच या झाडाची ओळख आहे. शोभेसाठी लावले जाणारे खरे सीडर प्रामुख्याने तीन: आपला हिमालयातला देवदार, लेबनॉनचा सीडर आणि मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरांतला ॲटलास सीडर. तिघांच्याही सुया आखूड फांद्यांवर झुपक्यांनी येतात, त्यामुळे लांबून ओळखताना गोंधळ होतो. ढोबळ खूण अशी की ॲटलासच्या फांद्यांची टोकं वर जाताना दिसतात, जुन्या लेबनॉन सीडरच्या फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांसारख्या पसरतात आणि देवदाराच्या फांद्यांची टोकं खाली झुकतात. देवदाराचा कोवळा शेंडाही असाच झुकलेला असतो. खालचा भाग जून होईल तसा तो सरळ होतो आणि त्याच्या पुढचा नवा कोंब पुन्हा झुकतो. आपल्या तिन्ही झाडांचे शेंडे हिरवेगार आहेत आणि झुकलेले आहेत. जे झाड वाढतंय ते असंच दिसतं.

आता पेव्हर ब्लॉक. यावर मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण झाडं उभी ठेवूनही ती मारता येतात आणि ती बहुतेक वेळा अशीच मरतात. झाडाचं अन्नपाणी घेणारी बारीक मुळं फार खोल नसतात. ती बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पेव्हर बसवताना आधी माती खरवडतात, मग खडी-चुरी टाकून रोलरने किंवा कंपॅक्टरने ठोकतात. पहिल्या पायरीला मुळं तुटतात, दुसऱ्या पायरीला उरलेल्या मुळांची हवा बंद होते. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते, मातीतल्या पोकळ्यांमधून त्यांना ती मिळते. झाड लगेच वाळत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन-चार वर्षं काढतं, मग शेंड्याकडून विरळ होऊ लागतं, आणि तोवर पेव्हरचं काम सगळे विसरलेले असतात. त्यात देवदार मूळचा थंड डोंगरातला, हिमालयात साधारण 1,500 ते 3,200 मीटर उंचीवरचा. त्याच्या मुळांवर तापलेलं काँक्रीट अंथरणं हा त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे.

माझा प्रस्ताव असा की फांद्यांच्या घेराखालची जागा शक्य तेवढी मातीचीच ठेवावी. तिथे झाडाचा स्वतःचा पाचोळा आणि लाकडाचा भुसा किंवा सालीचे तुकडे यांचं दोन ते चार इंच जाड आच्छादन घालावं. आच्छादन खोडाला टेकता कामा नये, चार बोटं जागा मोकळी सोडावी. चालायला वाट हवीच असेल तर खणकाम न करता मातीवर सुट्या फरश्या अंतरा-अंतराने टेकवता येतील. सध्या मधल्या झाडाच्या बुंध्याशी जिन्याच्या दुरुस्तीतली माती आणि राडारोडा पडलेला आहे, तो आधी उचलायला हवा. खोड जमिनीशी जिथे रुंदावत मुळांत उतरतं, तो भाग उघडा दिसला पाहिजे. तो मातीखाली गेला की तिथली साल सतत ओली राहते आणि कुजते.

पाण्याबद्दल माळीकाकांशी माझं बोलणं झालं. लॉनचे स्प्रिंकलर रोज चालतात आणि पहिल्या झाडाच्या खोडावर थेट फवारा बसतो. लॉनला रोज थोडं पाणी लागतं, देवदाराला मात्र निचऱ्याची जमीन लागते. पाणी साचलेल्या मातीत त्याला मूळकूज लागते. आम्ही त्या झाडाच्या फांद्यांच्या कडेखाली खुरपीने वीतभर खोल माती उकरून पाहिली. मूठ आवळल्यावर त्या मातीचा गोळा झाला, बोटांच्या फटींतून पाणी आलं आणि तिला कुबट वास होता. तिसऱ्या झाडाखालची माती मात्र ओलसर होती, तरी मूठ उघडताच भुगा झाली. ती तशीच असायला हवी. एवढीच तपासणी पाणी देण्याआधी करायची सवय लागली तर कुठलं यंत्र विकत घेण्याची गरज नाही. स्प्रिंकलरचं तोंड वळवावं. जुन्या झाडांना फक्त लांबलेल्या कोरड्या काळात, मोठ्या अंतराने पण खोलवर जाईल असं पाणी द्यावं.

काही सभासदांना सुया पिवळ्या पडल्याची चिंता वाटते. सदाहरित झाडाचंही पान कायमचं नसतं. देवदाराची सुई काही वर्षं टिकते, मग पिवळी होऊन गळते आणि वसंतात नवी पालवी येताना ही गळ अधिक दिसते. फांदीच्या आतल्या, खोडाकडच्या जुन्या सुया पिवळ्या आणि टोकाकडच्या हिरव्या असतील तर घाबरायचं कारण नाही. याउलट टोकं तपकिरी पडत असतील, एकाच बाजूच्या फांद्या वाळत असतील किंवा सालीतून राळ ओघळत असेल, तर मात्र जाणकाराला बोलवायला हवं. पहिल्या झाडाच्या लॉनकडच्या दोन फांद्या टोकाकडून विरळ झाल्या आहेत. मला त्याचा संबंध साचणाऱ्या पाण्याशी वाटतो, पण मुळं तपासून घ्यावीत. पिवळेपणावर उपाय म्हणून युरिया टाकण्याची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती, तसं कृपया करू नये. ज्याची मुळं गुदमरली आहेत त्या झाडाला खत देऊन उपयोग होत नाही.

खाली लावलेल्या गाड्यांवर फळं पडतील अशीही तक्रार आहे. देवदाराचे शंकू पाइनच्या शंकूंसारखे अख्खे खाली येत नाहीत. ते फांदीवर उभे असतात, पिकले की झाडावरच खवल्याखवल्याने सुटतात आणि मधला दांडा फांदीवर उभाच राहतो. खाली येतात ते हलके खवले आणि पंख असलेल्या बिया. कधीकधी शंकूचं टोक गुलाबाच्या आकारात एकसंध पडतं, मुलं ते गोळा करून ठेवतात. शरद ऋतूत नर शंकूंचे पिवळे परागकण काचांवर बसतात हे खरं आहे, पण ते काही दिवसांपुरतं असतं.

छाटणी करूच नये असं माझं म्हणणं नाही. वाळलेल्या, मोडून लटकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायलाच हव्यात. गेटच्या रस्त्यावर ज्या दोन फांद्या टेम्पोच्या टपाला लागतात, त्याही काढाव्यात. मात्र सगळ्याच खालच्या फांद्या सरसकट काढल्या तर त्या जागी पुन्हा काही येणार नाही, आणि जमिनीपर्यंत पसरलेला घेर ही तर देवदाराची खरी शोभा आहे.

फांदी कशी कापायची हे ठेकेदाराला आधीच लेखी द्यावं. जाड फांदी एका दमात वरून कापली की ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल खाली ओरबाडत नेते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडा छेद घ्यायचा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी उरलेला तुकडा काढायचा. फांदीच्या मुळाशी सालीची जी फुगीर कडी दिसते ती कापायची नाही, शेवटचा काप तिच्या अगदी लागून बाहेर घ्यायचा. त्या कडीतूनच जखम भरत येते. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नये, त्याने कूज थांबत नाही. काम कोरड्या हवेत, नवी पालवी यायच्या आधी करावं. स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागत असेल तर ती आधी हातात हवी. उंच झाडाच्या सुरक्षिततेची शंका असेल तर वृक्षतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराचं मत त्यासाठी पुरेसं नाही.

आणखी एक काम तातडीचं आहे. रोषणाईसाठी गुंडाळलेली वायर तिसऱ्या झाडाच्या खोडावर अजून तशीच आहे. एका जागी ती सालीत रुतली आहे, वरच्या बाजूला सालीला वळी आली आहे आणि तिथून राळ सुकून पांढरी झाली आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. तो थर चहूबाजूंनी आवळला गेला तर मुळांची उपासमार होते. वायर खेचून काढू नये. दोन्ही बाजूंनी कापावी, सुटेल तेवढी सोडवावी आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्यावा. यापुढे खिळे तर नकोतच.

मागच्या भिंतीलगत समितीला पाच नवे देवदार लावायचे आहेत. कल्पना मला मनापासून आवडली, जागा मात्र पटत नाही. भिंत आणि इमारत यांच्यात तिथे जेमतेम पंधरा फूट अंतर आहे. कुंडीतलं तीन फुटी रोप सुबक दिसतं, पण पूर्ण वाढलेल्या देवदाराचा घेर तीस-चाळीस फुटांवर जातो आणि मूळ प्रदेशात तो 40-50 मीटर उंच होतो. तिथे लावले तर पुन्हा शेंडे छाटण्याचीच वेळ येईल. मैदानाच्या कोपऱ्यात एकच लावावा, इमारतीपासून किमान तीस फुटांवर, दिवसभर ऊन असेल अशा जागी. भिंतीलगत काही हवंच असेल तर ॲटलास सीडरची निळसर, झुकत्या फांद्यांची कलमी जात आहे. तिला काठीचा आधार देऊन हव्या त्या उंचीपर्यंत वर नेता येतं आणि मग ती ओघळत खाली येते. तीही आडवी पसरते हे लक्षात ठेवून पाचऐवजी दोनच लावावीत. रोपवाटिकेत ‘सीडर’ या नावाखाली थुजा आणि जुनिपरही विकले जातात. सुयांचे झुपके पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, खोली मात्र गोळ्याइतकीच. कुंडीत गोल फिरलेली मुळं मोकळी करावीत, नाहीतर पुढे तीच खोडाला आवळतात. आधाराची काठी वर्षभराने काढावी. पहिली दोन वर्षं नियमित पाणी आणि भोवती जाळी हवी. लेबनॉनमधल्या प्राचीन सीडरच्या राईभोवती 1876 मध्ये दगडी भिंत बांधली गेली, ती शेळ्यांनी कोवळी रोपं खाऊ नयेत म्हणून. तिचा खर्च राणी व्हिक्टोरियाने दिला होता. जुनी झाडं उभी होती, पण खालची रोपं जगल्याशिवाय राई पुढे टिकणार नव्हती. आपल्याकडे शेळ्या नाहीत, सायकली आणि क्रिकेटचे चेंडू आहेत, म्हणून जाळी तीन फुटांची तरी असावी.

ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी समितीने एकदा झाडांखाली येऊन हे सगळं पाहावं, ही विनंती. माळीकाका आणि मी दोघंही तिथे असू. रविवारी सकाळी आठची वेळ सोयीची आहे, अन्य वेळ असल्यास कळवावी. नव्या रोपांच्या पाण्याची आणि तिन्ही झाडांच्या आच्छादनाची जबाबदारी मी व आमच्या मजल्यावरचे आणखी तीन सभासद घ्यायला तयार आहोत, त्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपली नम्र,
बी विंगमधील एक सदनिकाधारक

सोबत : तीन सभासदांचे सहमतीपत्र, खोडात रुतलेल्या वायरचे दोन फोटो