नुसते ‘६९ टाके घाला’ पुरत नाही

संपादक महोदय,

दिवाळी सरली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत बाळाच्या स्वेटर-टोपड्याचे नमुने येऊ लागतात. फोटो सुरेख असतो, विणीच्या ओळी नेमक्या दिलेल्या असतात. सुरुवात मात्र ‘१० नंबरच्या सुईवर पाठीसाठी ६९ टाके घाला’ एवढ्यावर उरकलेली. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसायला हवेत, हे कुठेच नाही. महिनाभर खपून विणलेला स्वेटर बाळाच्या अंगावर लोंबतो तो बहुधा या न छापलेल्या आकड्यामुळे.

हिशेब साधा आहे. सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४३ सेंमी. आतले झबले आणि हालचालीला जागा धरून स्वेटर ४८ सेंमीचा हवा, म्हणजे पाठ २४. फोर-प्लाय जाडीची लोकर १० नंबरच्या सुईवर दहा सेंमीला साधारण २८ टाके देते. २४ सेंमीला ६७, शिवणीत जाणारे दोन मिळून ६९. आता विणणारीचा हात सैल असेल आणि २५च टाके बसत असतील, तर तोच स्वेटर साडेत्रेपन्न सेंमीचा होतो. घट्ट हाताने ३१ बसले तर ४३चा, अंगात शिरायलाच नको! उंची चार ओळी कमी-जास्त करून साधता येते. रुंदी पहिल्या ओळीतच ठरून जाते.

म्हणून आधी तुकडा विणावा. ४२ टाके घालून, एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे १५ सेंमी विणा, धुवा, आडवा पसरून वाळवा आणि मधल्या दहा सेंमीतले टाके मोजा. कडेचे धरू नयेत. कडा गुंडाळतात आणि तिथले टाके एकसारखे नसतात. टाके कमी भरले तर एक नंबर बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड. मुद्दाम हात आवळून विणण्यात अर्थ नाही, दहाव्या ओळीला तो आपल्या मूळ चालीवर येतोच.

सुईच्या नंबरातही मोठी गफलत आहे. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात : १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी, तिथली १० नंबरची सुई चक्क ६ मिमीची! इंटरनेटवरून नमुना उचलताना नंबर तसाच छापला तर टोपड्याची पिशवी व्हायची. मिलिमीटर छापले की हा घोळ उरत नाही.

लोकरीबद्दल थोडे. दुकानात ‘वूल’ म्हणून मिळते ते बरेचदा ॲक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही, ते धुवायला सोपे. पण त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण कायमची चपटी होऊन मरगळते. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणे सोसत नाही, ती आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी होते. शंका असेल तर धाग्याचे टोक जाळून पाहावे : लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. मुंबई-कोकणात सुती धागा उत्तम, मात्र तो ताणला की परत आखडत नाही, त्यामुळे मनगटाची बॉर्डर एक-दोन नंबर बारीक सुईवर विणावी. गुंडे एकदमच घ्यावेत आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या मालाचा क्रमांक, जुळवावा. दिव्याखाली न दिसणारा रंगातला फरक उन्हात पट्ट्यासारखा उठून दिसतो.

बाळाच्या कपड्यात सर्वांत जास्त बिघडतो तो गळा. या वयात डोक्याचा घेर जवळजवळ छातीइतकाच असतो. गळ्याचे टाके एक नंबर जाड सुईने बंद करावेत आणि एका खांद्याला दोन बटणे ठेवावीत. नवा गुंडा ओळीच्या मध्ये गाठ मारून जोडू नये, ती टोचते. कडेला १५ सेंमी टोक सोडून नंतर शिवणीत ओवावे. जाळीची वीण आणि गळ्याच्या लांब नाड्या फोटोत गोड दिसतात, पण भोकांत बाळाची बोटे अडकतात आणि नाडी गळ्याशी आवळू शकते. असे नमुने छापूच नयेत.

आणखी एक. बारशाला द्यायचा सेट बारशाच्या मापाने विणला जातो. बाळ जुलैत जन्मले तर थंडी पडेपर्यंत ते पाच-सहा महिन्यांचे झालेले असते आणि स्वेटर घडी न मोडता कपाटात राहतो. तेव्हा नमुन्याखाली लोकरीची जाडी व वजन, सुई मिलिमीटरमध्ये, दहा सेंमीतले टाके आणि ‘थंडीत बाळाचे वय किती असेल ते माप घ्या’ ही सूचना, एवढ्या दोन ओळींना कृपया जागा द्यावी.

आपली,
एक विणकाम शिक्षिका, सातारा