आजोबांची ३९ मिनिटे

महोदय,

'काळाचा प्रवाह हा माणसाचा भ्रम' हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाने घड्याळ आणि काळ यांची गल्लत केली आहे, असे वाटते.

घड्याळ माणसाने ठरवलेले, यात वाद नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई महापालिका ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' सोडेना. हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. माझे आजोबा तिथे कारकून. रेल्वे प्रमाणवेळेवर चाले, कचेरी मुंबई वेळेवर. त्यामुळे ठाण्याहून निघून ते बोरीबंदरला उतरायचे १०.३० ला आणि पाच मिनिटांत रस्ता ओलांडून मस्टरवर सही करायचे ९.५६ ला! (ठाण्याचा सूर्य अजून त्या जुन्या वेळेलाच धरून आहे, सरासरी १२.३८ शिवाय माथ्यावर येत नाही.) एवढे रोज 'मागे' जाऊनही आजोबांची निवृत्ती काही लांबली नाही.

न्यूटनची गतीची समीकरणे काळात पुढे-मागे दोन्हीकडे सारखीच चालतात, हा लेखातला मुद्दा बरोबर. पण ते एकेका रेणूपुरते. कपभर चहा गारच होत जातो. खोलीतली ऊब गोळा करून तो पुन्हा वाफाळत नाही. उष्णता विखुरण्याचे मार्ग अगणित, गोळा होण्याचे अगदी मोजके, हे भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्येच गणिताने मांडले. यातून काळाला दिशा मिळते, 'प्रवाह' सिद्ध होत नाही, हे कबूल. पण ती दिशा काही आपण ठराव करून आणलेली नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. चाल जागेगणिक बदलते. उलटे मात्र एकही फिरत नाही.

राहिले आइनस्टाइन. भूत, वर्तमान, भविष्य हा भेद म्हणजे एक चिवट भास, हे त्यांचे म्हणणे लेखकाने निर्णायक पुरावा म्हणून दिले आहे. ते आहे मार्च १९५५ मधल्या पत्रातले. जिवलग मित्र मिशेल बेसो गेल्यावर त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या. सांत्वनाला गेल्यावर आपणही 'ते आपल्यातच आहेत' म्हणतोच की. रेशनकार्डावरचे नाव तरीही कमी करून आणावे लागते.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे