यादीतून कमी झालेल्या बहिणीचं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

सभेत तुम्ही स्वतःला भाऊ म्हणवून घेता, म्हणून मीही भाऊच म्हणते. भाऊ, लाडकी बहीण योजनेचा माझा महिन्याचा हप्ता बंद झाला. २०२५ ला ई-केवायसी निघाली तेव्हा नवऱ्याचा आधार मागितला, ओटीपी त्याच्या मोबाईलवर जायचा. आमचे मालक जाऊन सहा वर्षं झाली. सेतूतला पोरगा म्हणाला, "मावशी, ओटीपी आल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." तीन चकरा झाल्या, तीन रोज बुडाले. निवडणुकीत २,१०० देणार होतात, इथं १,५०० चेच वांधे!

बरं, हिशोबच करू. १,५०० चे वर्षाला १८,०००. परवा कांदाचाळीतला चाळीस क्विंटल उन्हाळ कांदा लिलावाला नेला, पुकारा क्विंटलला ८५० वर थांबला. बी, लागण, औषध, चाळीतली सड धरून मला क्विंटलमागे चौदाशे-पंधराशे खर्च आलाय. एका खेपेत बावीस ते सव्वीस हजार गेले, हमाली-तोलाई वेगळीच. ओवाळणी घालायची आणि पदराची गाठ सोडून परत न्यायची, असा भाऊ आमच्या वस्तीवर तरी नाही.

भाव दिल्लीच्या हातात, हे तुमचं उत्तर पाठ आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली, मे २०२४ ला उघडली ती ४० टक्के शुल्क लावून. त्याच लोकसभेला नाशिक गेलं, दिंडोरीही गेलं. लगेच जुलैपासून तुम्हाला बहिणी आठवल्या. नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा तुमच्या युतीच्या! मत मीही तुम्हालाच दिलं, खोटं कशाला बोलू.

पण पैशापेक्षा दुसरंच जास्त लागलं. गेल्या आठवड्यात कांद्यासाठी रास्ता रोको होता. वस्तीवरच्या चौदा बायका येणार होत्या, निघालो तिघी. धाकटी जाऊ दारातूनच म्हणाली, "अक्का, फोटोत दिसले अन् नाव कट झालं तर?" तिचा राग आला नाही, तिचंही घर त्यावर चालतं. १९८० च्या कांदा-ऊस भावाच्या आंदोलनात माझे सासरे खेरवाडीला रुळावर बसले होते. गोळीबार झाला. ते सांगायचे, शेजारी कोण कुठल्या पक्षाचा, कुणी विचारलं नाही. आता एका अंगणातल्या दोन जावा, एक लाभार्थी, एक अपात्र.

माहेर माझं मराठवाड्यातल्या वैजापूरचं. पाऊस कमी झाला की नाशिकचे पुढारी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला थेंब देणार नाही म्हणतात, अन् त्याच पक्षाचे तिकडचे पुढारी हक्काचं पाणी आणू म्हणतात. टाळ्या दोन्हीकडे. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा, पण या दोघांना एका सतरंजीवर बसवायला कुणाला सवड नाही. मी कुणाकडून ओरडू, सासरकडून की माहेरकडून? याच नाशिकनं यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं. आज आमची सोसायटीसुद्धा बिनविरोध होत नाही.

मेलेल्या माणसाच्या ओटीपीपायी अडलेला हप्ता सोडा, एवढंच मागायला बसले होते. चाळीत अजून तीस क्विंटल आहे, काजळी धरायला लागलाय. भाऊबीजेला आलात तर पाटीभर देते, पण निवडून घ्यावा लागेल.

आपली अपात्र बहीण,
ता. निफाड, जि. नाशिक