‘परिचय’ आजही तितकाच गोड

संपादक महोदय,

गुलजार यांच्या ‘परिचय’ने (१९७२) आमचे बालपण सुरेल केले. मास्तरांना पळवून लावायला टपलेली खोडकर मुले आणि छडी न उगारता त्यांना ‘सा रे के सारे’ गायला लावणारा जितेंद्र! राहुलदेव बर्मन यांची ही चाल आमच्या भेंड्यांत हमखास यायची. ‘बीती ना बिताई’मधली बाप-लेकीची व्यथा मात्र मोठेपणी उमगली. लताबाईंना याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच. आणि प्राण! खलनायक म्हणून ज्यांची धास्ती वाटायची, तेच इथे करारी आजोबा. नातवंडांपुढे त्यांचा आवाज हळूहळू मऊ होत जातो, तेव्हा माझे डोळे हटकून भरून येतात. दूरचित्रवाणी वाहिन्यांनी सुट्टीत हा चित्रपट जरूर दाखवावा.

– एक वाचक, सातारा