९२ किलो भार सांगूनही ७९ किलो भार पेलणारे स्नोशू पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीच्या साइजची स्नोशूंची (बर्फात पाय बुडू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद तळांची) जोडी परत घेऊन पूर्ण रक्कम देणे

तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर आज सकाळी केलेला फोन माझ्याकडून शेवटचा. यापुढचं सगळं लेखी होईल आणि उत्तरही मला लेखीच हवं आहे.

पावती, ऑर्डर देण्याआधी मी पाठवलेला ईमेल आणि त्याला तुमच्याकडून आलेलं उत्तर सोबत जोडलं आहे. आधी तो ईमेल वाचा. त्यात मी लिहिलं होतं: माझं वजन ७१ किलो. थंडीचे कपडे आणि बूट मिळून ७ किलो. पाठीवर कॅमेरा, मोठी लेन्स, ट्रायपॉड, थर्मास आणि जाडं जॅकेट मिळून १४ किलो. एकूण ९२. जायचं ठिकाण हिमाचलच्या स्पितीतलं किब्बर, महिना फेब्रुवारी, बर्फ ताजा आणि कोरडा. काम हिमबिबट्याच्या फोटोंचं, म्हणजे मळलेल्या वाटेने जाऊन परत यायचं नाही, वाट सोडून उतारावर चालायचं आहे. साइज ठरवायला याहून जास्त काय लागतं, ते मला तुम्हीच सांगा. तुमच्याकडून उत्तर आलं एका ओळीचं: "मॅडम, शूज साइज?" मी सहा कळवला. घरी आली २२ इंची जोडी, लेडीज मॉडेल.

त्या जोडीवर तुम्हीच छापलं आहे की कमाल भार १७५ पौंड. म्हणजे ७९ किलो. ९२ सांगितले, ७९ ची जोडी आली. ते छापील अक्षर वाचून मी त्याच दिवशी फोन केला होता, निघायच्या आधी. तेव्हा मला सांगण्यात आलं की बदलून द्यायला दोन आठवडे लागतील, आणि तो आकडा "सेफ्टीसाठी कमी लिहिलेला असतो, बिनधास्त घेऊन जा." गाडीची, होमस्टेची, वाटाड्याची रक्कम भरून झाली होती. तुमच्या वेबसाइटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की आमचे तज्ज्ञ फोनवर योग्य साइज निवडून देतात. त्या तज्ज्ञांच्या शब्दावर मी गेले.

तुमच्या त्या पानाबद्दलही बोलायचं आहे, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. हे मॉडेल बाहेरच्या देशातलं, हिवाळी शिकारीला जाणाऱ्यांसाठी बनवलेलं. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात राहतो, तिकडे परवाना काढून सशाच्या शिकारीला जातो. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. पण बर्फात चालायचं कसं, हे त्या शिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.) त्याने मला मूळ कंपनीचं पान दाखवलं. तिथे वजनाचा तक्ता आहे, साइजसमोर भार. तुम्ही भारतातल्या पानावरून तो तक्ता काढून टाकला आणि त्या जागी बुटाचे नंबर टाकले, सहा ते अकरा. कोणी काढला? का काढला? हे मला या पत्राच्या उत्तरात हवं आहे.

भाचा सांगतो, तिकडे शिकारी स्वतःचं वजन धरतो, त्यात बंदूक, काडतुसं, बॅग धरतो, आणि मोठ्या जनावराची शिकार असेल तर परतताना पाठीवर येणारं मांसही धरतो. सगळ्यात जड जो क्षण असेल, त्या क्षणाचा भार धरून साइज घेतात. मग बर्फ पाहतात. दाबून घट्ट झालेल्या वाटेवर लहान जोडी चालते, नुकत्याच पडलेल्या भुरभुरीत बर्फावर तोच माणूस एक साइज मोठा घेतो. उलट दाट झुडपांत शिरायचं असेल तर लांब जोडी अडकते, म्हणून तिथे आखूड आणि रुंद घेतात. म्हणजे मोठी तेवढी चांगली असंही नाही. आपला भार पेलेल अशी सगळ्यात लहान जोडी, हा त्यांचा हिशोब. मी काही तुमच्याकडे ३६ इंची मागितली नव्हती. उताराला ती आडवी येते हे मला माहीत आहे. मला ३० इंची हवी होती, जी तुमच्याकडे आहे, जिचा तळ २२ इंचीच्या जवळपास दीडपट आहे, आणि मूळ तक्त्यात ९२ किलो जिच्यात आरामात बसतात. बुटाचा नंबर लागतो तो फक्त पट्ट्यांसाठी, बूट बाइंडिंगमध्ये नीट आवळला जातो की नाही हे पाहायला. बर्फाला तुमच्या बुटाचा नंबर कळत नाही, त्याला वजन कळतं.

किब्बर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तिथे हवेत श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो. सगळा प्रदेश पर्जन्यछायेतला, थंड वाळवंट, त्यामुळे बर्फ कोरडा आणि सुटा. त्यावर तुमच्या २२ इंची जोडीने मी प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत जात होते. कन्हान नदीच्या सुक्या रेतीच्या ढिगावर चढताना पाऊल जसं मागे येतं, तसं. चढ आला की जोडीच्या तळाचे पुढचे दात बर्फात टेकायच्या आधीच अख्खी जोडी खाली जायची, मग ती वर ओढून काढायची आणि तेवढ्याच उंचीवर पुन्हा रोवायची. अंगाला घाम फुटला. उणे वीसमध्ये घामाने आतले कपडे भिजणं किती धोक्याचं असतं, हे तुमच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलं आहे. थांबलं की दात वाजायला लागायचे. पलीकडच्या कड्यावर भरलांचा (हिमालयातल्या रानमेंढ्यांचा) कळप होता आणि वाटाड्याला हिमबिबट्या दिसला होता. बाकीचे धारेवर पोहोचले, त्यांनी पाहिला. मी पोहोचले तेव्हा तो कडा उतरून गेला होता. २०२४च्या जानेवारीत जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८ हिमबिबटे होते, त्यातले हिमाचलमध्ये फक्त ५१. असा प्राणी माझ्यासारखीला पुन्हा कधी दिसेल, सांगा. पण मी फोटोसाठी भांडत नाहीये. वाटाड्या माझी बॅग घेऊन मागे थांबला नसता तर मी त्या उतारावर अंधार पडेपर्यंत अडकले असते, आणि तुमचा सल्ला मला तिथे घेऊन गेला होता.

आता आजचा फोन. तो मी सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. काढा ते रेकॉर्डिंग आणि हे पत्र समोर ठेवून ऐका.

पहिल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिने सीनियरकडे जोडलं. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकून झाल्यावर एक गृहस्थ आले. मी ऑर्डर नंबर सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं ॲड्रेस नागपूरचं दाखवतंय. नागपूरला कुठे बर्फ?" मी म्हटलं, "बर्फ स्पितीत आहे, मी नागपूरला राहते. माल नागपूरला घेतला, वापरायचा तिकडे." ते हसले. मग म्हणाले, "बुटात पाय बसतोय ना?" बसतोय म्हटलं. "मग साइज बरोबरच आहे." मी पुन्हा सांगितलं की भार ९२ किलो, जोडीवर छापलेला ७९. यावर थोडं थांबून ते जे बोलले, ते शब्द असे: "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण लेडीज कस्टमर वजन थोडं कमीच सांगतात. तुम्हीही कमी सांगितलं असेल, मग आम्ही काय करणार?"

मी त्यांना म्हटलं, अहो भाऊ, तुम्ही वजन विचारलंच कुठे? मी आपणहून सांगितलं, ग्रॅमचाही आडपडदा न ठेवता, कपड्यांसकट, लेन्ससकट, आणि सांगितलेल्या वजनालाही तुमची जोडी १३ किलोंनी कमी पडते. मी कमी सांगितलं असतं तर तुमचा दोष वाढला असता, कमी झाला नसता. एवढं साधं गणित त्यांना सुचलं नाही. ते म्हणाले, "घरी मिस्टर असतील तर त्यांना फोन द्या, त्यांना टेक्निकल समजावून सांगतो." मी या कारखान्यांच्या शहरात हिंगणा एमआयडीसीत आयुष्यभर यंत्रांचे भार मोजले आहेत. मला कोणी टेक्निकल समजावून सांगायची गरज नाही, आणि त्या गृहस्थांना तर नाहीच नाही, ज्यांना विकायच्या वस्तूवर छापलेलं वाचता येत नाही.

तरी मी संयम ठेवून एक मार्ग सुचवला. याच मॉडेलला मागे जोडायचे सहा इंची तुकडे तुमच्या कॅटलॉगमध्ये आहेत, त्याने भार पेलायची क्षमता वाढते. ते तरी द्या म्हटलं. "असा पार्ट आमच्याकडे येत नाही." मी पान उघडून वाचून दाखवलं. तेव्हा उत्तर बदललं: जोडी वापरली आहे, दातांवर ओरखडे आहेत, वापरलेला माल परत होत नाही. वापरल्याशिवाय बुडते हे कळणार कसं? आणि "बिनधास्त घेऊन जा" हे कोणी सांगितलं होतं?

मी पुन्हा लिहिते, कारण हाच एक मुद्दा फोनवर कोणालाच ऐकू आला नाही. ९२ किलो लेखी सांगितले होते. ७९ किलोची जोडी पाठवली. निघायच्या आधी विचारलं तेव्हा छापील आकड्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलं.

तुमच्या दुकानातून मी याआधी झोपायची बॅग घेतली, काठ्या घेतल्या, आणि माझ्या ओळखीतल्या किती जणींना तुमचं नाव सांगितलं. ताडोबा-पेंच करणारी नागपूरची बरीच मंडळी आता हिवाळ्यात स्पितीला, लडाखला जातात. त्यांना स्नोशू कुठून घ्यायचे हे मी विचारल्यावर सांगत असे. आता कुठून घ्यायचे नाहीत, तेही सांगेन, या पत्राची प्रत दाखवून सांगेन.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. "वापरलेला माल" हे कारण तिथे चालत नाही. महिना उलटला तर मी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मला वकील लागणार नाही. तुमच्या माणसावर मात्र सुनावणीला नागपूरला यायची वेळ येऊ शकते. उन्हाळ्यात तारीख लागली तर आमच्याकडचं ४५ अंशांचं ऊनही पाहून होईल.

जोडीची पूर्ण रक्कम परत द्या. ज्या गृहस्थांनी वजनाबद्दल आणि मिस्टरांबद्दल ते शब्द वापरले, त्यांची लेखी माफी पाठवा, त्यांच्या सहीने, विभागाच्या शिक्क्याने नको. आणि वजनाचा तक्ता पानावर परत लावा, किलोंमध्ये, बुटाच्या नंबराच्या वर. पुढच्या हिवाळ्याआधी लावा. तुमच्या पानावर विश्वास ठेवून कोणीतरी त्या उतारावर जाणार आहे, आणि त्याच्यासोबत थांबणारा वाटाड्या असेलच असं नाही.

जोडी मूळ खोक्यात बांधून ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा, आणि परताव्याची पावती त्याच्या हातात असेल तरच जोडी मिळेल.

एक ग्राहक,
धरमपेठ, नागपूर

सोबत: पावती, दोन्ही ईमेल, जोडीवरच्या छापील भारमर्यादेचा फोटो