काका, वाफसा आला!

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता करा कट!

आज सकाळी अंगणातल्या लॉनचं या वर्षीचं पहिलं मोइंग केलं. ब्लेड 3 इंचांवरच ठेवलं, शपथ. आणि मधेच मॉवर बंद करून पायरीवर बसले, कारण गेल्या वर्षी याच महिन्यात हेच अंगण कसं होतं ते डोळ्यासमोर आलं.

मिनेसोटातला स्वतःच्या घरातला आमचा पहिला हिवाळा होता तो. बर्फ वितळला आणि खालून जे निघालं ते बघून पोटात गोळाच आला. चिकटून बसलेले राखाडी गोल चट्टे, त्यावर जळमटासारखं काहीतरी, आणि मधूनमधून उंदरासारख्या त्या व्होल्सनी बर्फाखाली काढलेले नागमोडी रस्ते. शेजारच्या दोन्ही घरांचं ठीकठाक, आमचंच मेलं खरूज झालेल्या कुत्र्यासारखं. (हो, ऑक्टोबरात पानं न उचलता तशीच बर्फाखाली जाऊ दिली ती मीच, कबूल.) मी ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, मातीशी संबंध तुळशीच्या कुंडीपुरता!

मग ती लॉनकेअर कंपनी. नाव नाही घेत. त्यांचा माणूस आला आणि पंधरा मिनिटांत गवताचं बी पण टाकून गेला आणि क्रॅबग्रास उगवू नये म्हणून मारतात ते औषध पण, एकाच दिवशी. त्या औषधाला तणाचं बी कुठलं आणि आपलं कुठलं हे कळत नाही, ते दोघांनाही उगवू देत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं, ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याकडून नाही. तीन आठवडे झाले तरी एक कोंब नाही म्हणून फोन केला तर म्हणे तुम्ही पाणी कमी घातलं असेल. पाणी! आठवडाभर पाऊस पडत होता हो!! ग्रुपवर विचारलं तर पाच जणांनी पाच लिंका टाकल्या आणि एकाने हसण्याची इमोजी.

त्या शनिवारी मी चिडून चिखलात उभी राहून रेक खसाखसा ओढत होते आणि तुम्ही पाडव्याच्या कार्यक्रमातलं माझं पातेलं परत द्यायला आलात. दुसरं कोणी असतं तर आधी लेक्चर दिलं असतं. तुम्ही पातेलं पायरीवर ठेवलंत, कडेला वाकून मूठभर माती उचललीत, दाबलीत आणि मूठ उघडलीत. ओल्या लाडवासारखा गोळा, त्यावर तुमच्या चारही बोटांचे ठसे. अंगठ्याने दाबून बघितलंत, फुटला नाही, नुसता चेपला. "वाफसा नाही आलेला अजून. उतर अगं खाली, तुडवू नकोस तिला." (वाफसा म्हणजे जादा पाणी निथळून माती ना चिखल ना कोरडी, हात लावण्याजोगी होणं.)

आणि मग तो गोळा फेकून नाही दिलात. जिथून काढला होता त्याच खळग्यात परत ठेवलात आणि थालीपीठ थापतात तसं दोन बोटांनी हलकेच थापलंत. बस, एवढंच. पण त्या कंपनीवाल्याने आमच्या अंगणावरून ट्रॉली गडगडवत नेली होती आणि तुम्ही मूठभर माती जागच्या जागी ठेवत होतात, ते बघून मला काय झालं माहीत नाही. शिवाय वाफसा हा शब्द मी शेवटचा आजोळी ऐकलेला, आजोबांच्या तोंडून, पेरणीच्या आधी. डोळ्यात पाणी आलं, तुम्ही ते बघितलंत आणि न बघितल्यासारखं करून रेक धुवायला नळावर गेलात. त्याबद्दल वेगळे आभार.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. मंगळवारी सकाळी सातला तुमचा फोन, "मूठ करून बघ." फुटला गोळा! खताच्या पिशवीवरच्या तीन आकड्यांमधला मधला शून्य बघूनच घ्यायची, कारण इथे तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून 2005 पासून राज्यभर हिरवळीच्या खतात फॉस्फरस चालत नाही (अगदीच नवीन लॉन असेल किंवा माती तपासून कमी निघाला तर गोष्ट वेगळी), हेही तुम्हीच सांगितलंत. आणि बी? "आता नाही, गणपतीच्या आसपास टाक, तोवर औषधाचा जोर उतरेल आणि उन्हाचाही." मला वाटलं चार महिने हे टक्कल घेऊन बसायचं? बसले. तुमच्यासारखी माणसं असं धीराने सांगतात तेव्हा ऐकावंसं वाटतं, माहिती तर काय सगळ्यांकडेच असते, पण पँटचा गुडघा ओला करून दाखवणारे किती? तुम्ही निफाडकडचे, चाळीस वर्षं इकडे, तरी शनिवारी दुसऱ्याच्या चिखलात वाकताना वयही आठवलं नाही तुम्हाला.

काल संध्याकाळी मूठ करून बघितली होती, मगच आज मॉवर काढला. गोळा भुसभुशीत फुटला आणि मी तो होता तिथेच ठेवला.

रविवारी या. पातेलं परत द्यायचं नाहीये, त्यात पुरणपोळ्या घालून न्यायच्या आहेत. आणि ड्राइव्हवेच्या कडेला रस्त्यावरच्या मिठाने वीतभर पट्टी जळलीये, ती जरा बघा.

तुमची,
पातेलंवाली